फोन म्हणतो यूव्ही ९, माझं यंत्र म्हणतं १

सावलीमोज

गेली तीन वर्षं हवामानाची वही ठेवतोय. रोज सकाळी एकाच वेळी तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, आदल्या चोवीस तासांतला पाऊस आणि आकाश कसं आहे याची एक ओळ. यात शास्त्र किती आणि नाद किती हे विचारू नका, घरचे विचारतातच.

या वर्षी वहीत नवा रकाना आखला : अतिनील किरण (यूव्ही). जीयूव्हीए-एस१२एसडी नावाचा नखाएवढा सेन्सर, त्याला जोडलेला मायक्रोकंट्रोलर, दर मिनिटाला एक आकडा. पाणी शिरू नये म्हणून सगळं एका बंद डबीत बसवलं आणि डबी गच्चीवर. पहिल्याच दिवशी आकाश लख्ख, सूर्य डोक्यावर, फोनवर यूव्ही इंडेक्स ९. माझी डबी म्हणते १. दुसऱ्या दिवशी १. पंधरा दिवस झाले, कधी ०, कधी १. सूर्य उगवतोय की नाही याचीच शंका यावी.

जुळणी तीनदा तपासली, सेन्सर बदलला, कोड पुन्हा लिहिला. जाणकारांना तीन प्रश्न. चूक कुठे असेल? हा ९ म्हणजे नेमकं कशाचं नऊ? आणि एवढं करून माझ्या रकान्याचा कुणाला काही उपयोग आहे, की फोन बघून ९ लिहावं आणि मोकळं व्हावं?

पारा_चढला

मोकळे व्हा. एवढा मोठा सूर्य, त्याला मोजायला डबी! (हलके घ्या.)

झाकोळ

उत्तराआधी माझाच एक प्रश्न. डबीचं झाकण कशाचं आहे?

तोवर फोनबद्दल. तो ९ तुमच्या जवळपास कुणी मोजलेला नसतो. उपग्रहांवरून आलेला ओझोनचा आकडा, त्या तासाला सूर्य किती उंचीवर आहे ते, जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि ढगांचा अंदाज हे सगळं एका गणितात घालून तो काढतात. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा अतिनील अंदाज असाच निघतो. एक चौकोन कित्येक किलोमीटरांचा, त्यात तुमची गच्ची कुठे तरी. दोन अ‍ॅप दोन आकडे दाखवतात तेव्हा बरेचदा एक जण दिवसातला कमाल आकडा सांगत असतो आणि दुसरा या तासाचा, किंवा एकाने ढग धरलेले असतात आणि दुसऱ्याने नाही. अंदाज वाईट नसतो. पण त्याला मोजमाप म्हणू नका.

सावलीमोज

झाकण पारदर्शक आहे, काचेसारखं स्वच्छ. डबीवर पॉलिकार्बोनेट असं छापलंय. त्याच्यामुळे काय होणार? आतलं सगळं दिसतं की.

झाकोळ

सापडला चोर. तुम्हाला दिसतं, सेन्सरला नाही.

पॉलिकार्बोनेट साधारण ३८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या खालचं जवळजवळ सगळं गिळतं. तुमचा सेन्सर बघतो २४० ते ३७० च्या पट्ट्यात. म्हणजे तुम्ही त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधून त्याला पंधरा दिवस रंग विचारताय. साधी खिडकीची काच असती तर आकडा पडला असता पण इतका नाही. काच आखूड तरंगलांबीचे अतिनील, म्हणजे यूव्ही-बी, अडवते, लांब तरंगलांबीचे यूव्ही-ए बऱ्यापैकी सोडते. म्हणून काचेआड बसून ड जीवनसत्त्व मिळत नाही, पण गाडीत खिडकीकडचा हात वर्षानुवर्षांत काळवंडतो.

झाकण काढून बघा आणि सांगा.

सावलीमोज

८.

काय बोलू! दोन आठवडे कोडमध्ये डोकं फोडत होतो.

पारा_चढला

वहीत त्या पंधरा दिवसांपुढे "झाकण" लिहा. हवामानाचा नवा प्रकार.

जुनी_वही

थट्टा नाही, खरंच लिहा. खोडू नका.

मी आयुष्यभर वेधशाळेत निरीक्षणं घेतली, आता निवृत्त. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं ते हे की चुकलेली नोंद मिटवायची नाही, शेजारी का चुकली ते लिहायचं. पन्नास वर्षांनी वही उघडणाऱ्याला आकड्यापेक्षा शेरा जास्त कामी येतो. झाड वाढलं, शेजारी भिंत आली, भांडं बदललं, निरीक्षक बदलला. यातल्या कशानेही पाऊस "कमी" होऊ शकतो.

तापमापी कुठे ठेवलीय तेही सांगा. थॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात काढलेली ती पांढरी, झडपांची पेटी आजही का वापरतात? कारण उन्हात ठेवलेला पारा हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःचं सांगतो. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर, खाली गवत, वारा खेळता, दार ध्रुवाच्या बाजूला, म्हणजे उघडल्यावर ऊन आत येत नाही. गच्चीवर तापलेल्या फरशीपासून वीतभर उंचीवर ठेवलेली असेल तर तुमच्या तीन वर्षांच्या वहीत तुमच्या फरशीचं तापमान आहे.

सावलीमोज

काका, वीतभर नाही. दोन वीत. :(

पेटी करतो. पण मग पहिली तीन वर्षं वाया?

जुनी_वही

वाया कशाला जातील? जुनी जागा चालू ठेवा आणि नवी पेटी शेजारी लावा. दोन्ही निदान एक वर्ष बरोबर वाचा. फरक कळला की जुनी वही नव्या वहीला जोडता येते. यंत्र बदलताना सगळीकडे हेच करतात, किंवा करायला हवं.

झाकोळ

काकांशी शंभर टक्के सहमत. आता राहिलेला प्रश्न : नऊ म्हणजे कशाचं नऊ. थोडं लांबेल.

जमिनीवर येणाऱ्या अतिनील किरणांत फार मोठा वाटा यूव्ही-ए चा, ३१५ ते ४०० नॅनोमीटर. यूव्ही-बी, २८० ते ३१५, अगदी थोडे. यूव्ही-सी वरच्या वर अडतात. पण कातडीला सगळे सारखे नाहीत. २९८ नॅनोमीटरच्या किरणाची कातडीवर लाली आणायची ताकद १ धरली तर ३२८ च्या किरणाची हजारात जेमतेम दीड भरते. तीस नॅनोमीटरांत एवढी घसरण. हा वक्र १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरला. प्रत्येक तरंगलांबीच्या ऊर्जेला आपापल्या वजनाने गुणायचं, बेरीज करायची, आणि चौरस मीटरला २५ मिलिवॅट आले की इंडेक्स १. तुमचा ९ म्हणजे २२५ मिलिवॅट, पण हे कातडीच्या तराजूत तोललेले मिलिवॅट. कॅनडात १९९२ मध्ये ही कल्पना लोकांपुढे आली, नंतर जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक हवामान संघटना यांनी ती जगभर एक केली. २ पर्यंत कमी, ३ ते ५ मध्यम, ६-७ जास्त, ८ ते १० फार जास्त, ११ आणि पुढे टोकाचा. वरची मर्यादा नाही. बोलिव्हियाच्या लिकांकाबूर पर्वतावर २००३ च्या डिसेंबरात ४३ च्या वर वाचन आल्याचं प्रसिद्ध झालं होतं, त्यावर तज्ज्ञांत वादही झाला.

स्वस्त सेन्सरची गोची इथेच आहे. त्याचा तराजू कातडीचा नाही. त्याला यूव्ही-ए भरपूर दिसतात आणि बनवणारा एका ठरावीक गुणकाने ते इंडेक्समध्ये बदलतो. सूर्य ज्या उंचीवर असताना तो गुणक बसवला, त्या उंचीलाच आकडा बरोबर. सूर्य खाली आला की किरणांना ओझोनच्या थरातून तिरकं, लांब जावं लागतं. त्यात यूव्ही-बी झपाट्याने गळतात, यूव्ही-ए तेवढे नाही. म्हणून तुमचं यंत्र दुपारी खरं बोलेल आणि सकाळ-संध्याकाळी फुगवून सांगेल.

(अवांतर : एसआय-११४५ नावाची एक चकती "यूव्ही सेन्सर" म्हणून विकतात. तिच्यात अतिनील बघणारा डोळाच नाही, दृश्य आणि अवरक्त प्रकाशावरून अंदाज बांधते. फोनला नावं ठेवून हे घेऊ नका.)

सावलीमोज

मग फुगवटा किती हे घरी कसं ओळखायचं? माझ्याकडे तुलनेला दुसरं काही नाही.

झाकोळ

सूर्य आहे की. स्वच्छ आकाशासाठी साशा माद्रोनिच यांनी २००७ मध्ये एक सोपं सूत्र दिलं. सूर्याच्या उंचीकोनाची ज्या (साइन) घ्या, तिचा २.४२ वा घात करा, १२.५ ने गुणा. हे ओझोन ३०० डॉब्सन (ओझोन मोजायचं एकक) असताना. ओझोन कमी-जास्त असेल तर ३०० ने भागून आलेल्या गुणोत्तराचा उणे १.२३ वा घात करून त्याने गुणायचं, म्हणजे ओझोन एक टक्का घटला की इंडेक्स साधारण सव्वा टक्का वाढतो.

करून बघा. सूर्य ३० अंशांवर : २.३. ४५ वर : ५.४. ६० वर : ८.८. थेट डोक्यावर : १२.५. तीसवरून साठवर, उंची दुप्पट आणि इंडेक्स जवळपास चौपट. समुद्रसपाटीहून वर असाल तर हजार मीटरला साधारण दहा टक्के वाढवा. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब असते, त्याने उन्हातच सुमारे सात टक्के फरक पडतो.

एखादा निरभ्र, धुरकट नसलेला दिवस निवडा. दर अर्ध्या तासाला यंत्राचा आकडा आणि सूत्राचा आकडा शेजारी लिहा. भागाकार करा. तो दिवसभर स्थिर राहिला तर सेन्सर उत्तम. राहणार नाही.

आणि उघडा सेन्सर पावसात ठेवू नका. वर टेफ्लॉनचा पातळ, दुधी पत्रा लावा. अतिनील त्यातून जातं, शिवाय तिरकं येणारं ऊनही सेन्सरपर्यंत नीट पोचतं. पण पत्रा लावल्यावर आकडा खाली येईल, तेव्हा तुलना पुन्हा पहिल्यापासून. भांडं बदललंत ना, काकांचा नियम.

पारा_चढला

बरं, समजा भागाकार जमला. पण वर अब्जावधींचे उपग्रह फिरतायत. सावलीमोजरावांच्या डबीने शास्त्राचं काय भलं होणार? उगाच विचारत नाहीये, खरंच प्रश्न आहे.

झाकोळ

हा प्रश्न आवडला. दोन गोष्टी सांगते.

अंटार्क्टिकावरच्या हॅली तळावर १९५०च्या दशकापासून डॉब्सन यंत्राने ओझोन मोजत होते. जुनं, अवजड यंत्र, दोन जवळजवळच्या तरंगलांबींची तुलना करणारं. ओझोन एकीला जास्त गिळतो, दुसरीला कमी, त्या फरकावरून वर किती ओझोन आहे ते कळतं. (३०० डॉब्सन म्हणजे माथ्यावरचा सगळा ओझोन जमिनीवर, शून्य अंशाला आणि एक वातावरण दाबाखाली आणला तर तीन मिलिमीटरचा थर. आपण तेवढ्याच्या आडोशाला जगतो.) १९८५ च्या मे महिन्यात फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी "नेचर" या शास्त्रपत्रिकेत सांगितलं की तिथल्या वसंतात ओझोन भयानक घटतोय. वर उपग्रह होताच. त्याच्या आकड्यांतही ते होतं, पण इतकं कमी मूल्य संशयास्पद म्हणून खूण करून बाजूला पडलं होतं. जमिनीवरच्या लोकांकडे वर्षानुवर्षांची एकच वही होती, म्हणून त्यांना घसरण दिसली. दोन वर्षांत ओझोन वाचवण्याचा माँट्रियल करार झाला.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी. फॉरेस्ट मिम्स म्हणून अमेरिकेतले एक गृहस्थ. पदवी राज्यशास्त्राची, व्यवसाय इलेक्ट्रॉनिक्सवर लिहिण्याचा. १९९० पासून ते टेक्सासमध्ये घरी बनवलेल्या यंत्रांनी सूर्याचं निरीक्षण करत आलेत. १९९२ च्या सुमारास त्यांच्या हातातल्या यंत्राचा ओझोन आणि निंबस-७ उपग्रहाचा ओझोन जुळेना. घरगुती यंत्र चुकलं असेल असं कुणीही म्हणालं असतं. पण त्यांनी दोन यंत्रं केली होती आणि ती एकमेकांशी जुळत होती. भरकटलं होतं उपग्रहाचं यंत्र. १९९३ मध्ये तेही "नेचर"मध्ये आलं.

उपग्रह वरून खाली बघतो. जमिनीलगतचा धूर आणि धुरकं अतिनील किती शोषतं हे त्याला नीट कळत नाही, म्हणून प्रदूषित जागी त्याचा आकडा बरेचदा खऱ्यापेक्षा जास्त येतो. ते ठरवायला खालीच कुणीतरी मोजावं लागतं. सावलीमोजांची डबी शोधनिबंधात छापून येईल असं म्हणत नाही. पण एका जागी, एका यंत्राने, न चुकता घेतलेला बरासा आकडा हा अधूनमधून घेतलेल्या उत्कृष्ट आकड्याहून मोलाचा असतो, हे माझं ठाम मत.

जुनी_वही

+१. स्वित्झर्लंडमधल्या आरोसाची ओझोनची वही १९२६ मध्ये सुरू झाली, आता ती दावोसला पुढे चालू आहे. तिथे सुरुवात करणारा त्यातला शेवट बघायला थोडाच होता!

आपल्याकडे हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय संपवू नये. सौर प्रारण मोजण्याची आणि फुग्याबरोबर वर सोडायची ओझोनसोंड यंत्रं इथेच घडवण्यामागे त्या होत्या. मोजमाप चुकीचं असण्यापेक्षा नसलेलं बरं, या पठडीतल्या.

चष्मेवाली

शाळेत शिकवते. मुलांना घेऊन हे करायचा विचार मनात आला, पण प्रत्येकाला सेन्सर शक्य नाही. काठी आणि सावलीवर काही होईल का? आणि ढगाळ दिवशी काय लिहायचं, शून्य?

सावलीमोज

माझं नावच ते आहे. :) सावली काठीएवढी झाली की सूर्य ४५ अंशांवर. वरच्या सूत्राने निरभ्र आकाशात साडेपाचच्या आसपास. सावली काठीच्या पावणेदोनपट तेव्हा ३० अंश, सव्वादोनच्या आसपास. काठीच्या निम्म्याहून जरा जास्त, म्हणजे सूर्य ६० वर आणि इंडेक्स नऊला टेकलेला. मुलांना ज्या-कोज्या शिकवायला याहून चांगलं निमित्त नाही.

फक्त सूर्याचे बारा आणि घड्याळाचे बारा एक नसतात हे आधी सांगा. सर्वांत आखूड सावली कधी पडते ते त्यांनाच शोधू द्या. माझ्याकडे ती वर्षभरात अर्ध्या तासाच्या पट्ट्यात पुढे-मागे सरकते.

झाकोळ

ढगाळ दिवशी शून्य मुळीच नाही. पातळ ढगातून नव्वद टक्क्यांपर्यंत अतिनील खाली येतं. काळे, जाड ढग खूप अडवतात. आणि तुटक पांढरे ढग असतील, सूर्य मधल्या फटीत असेल, तर ढगांच्या कडांवरून उसळलेले किरण मिळून इंडेक्स काही मिनिटं निरभ्र दिवसापेक्षाही वर जातो. सेन्सरवाल्यांना असा सुळका दिसला की यंत्र बिघडलं असं वाटतं. नसतं बिघडलेलं.

मुलांना ढग अष्टमांशात मोजायला सांगा. आकाशाचे आठ भाग कल्पायचे, किती झाकलेत ते लिहायचं. सावलीत उभं राहून आकाशाकडे बघायला लावा, म्हणजे अजून एक कळेल. आकाश निळं दिसतं कारण आखूड तरंगलांबी जास्त विखुरते, आणि अतिनील निळ्याहूनही आखूड. भर दुपारीही निम्म्याच्या आसपास यूव्ही-बी आकाशातून येतं, थेट सूर्यातून नव्हे. छत्रीखाली ऊन नसतं, पण आकाश दिसतं तेवढं अतिनील असतं.

त्वचावैद्य

धागा उशिरा वाचला. दोन-तीन गोष्टी नोंदवतो.

मुलांना सूर्याकडे थेट बघू देऊ नका, कुठल्याही काचेतून नाही, क्षणभरही नाही. मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांपेक्षा जास्त अतिनील आत सोडतं. सूर्य डोक्यावर असताना भुवई आणि पापणी डोळ्यावर सावली धरतात. सूर्य मधल्या उंचीवर आला की किरण सरळ डोळ्यात. म्हणून दुपारचा इंडेक्स उतरला तरी डोळ्यांसाठी धोका टळलेला नसतो. बर्फावर तर ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील परत उसळतं. हिमांधळेपणा म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा सनबर्न. आणि झाकणाच्या गोष्टीचा डोळ्यांना उलट फायदा : चष्म्याची पॉलिकार्बोनेटची भिंगं रंगहीन असली तरी अतिनील अडवतात. भिंगाचा गडद रंग हे संरक्षण नव्हे.

आता हिशेब. इंडेक्स १० म्हणजे चौरस मीटरला पाव वॅट. त्वचेच्या लालीचा प्रमाण डोस १०० ज्यूल, तो ४०० सेकंदांत, म्हणजे पावणेसात मिनिटांत भरतो. सहज भाजणाऱ्या गोऱ्या त्वचेला लाली यायला अडीच डोस पुरतात, सुमारे सतरा मिनिटं. सावळ्या-काळ्या त्वचेला कितीतरी जास्त वेळ लागतो. पण लाली नाही म्हणून पेशींमधल्या डीएनएला इजा नाही असं नसतं, आणि डोळ्याला त्वचेच्या रंगाचा उपयोग नाही. सौर प्रारण कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९२ मध्येच पहिल्या गटात नोंदवलंय.

सनस्क्रीनचा एसपीएफ प्रयोगशाळेत चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून मोजतात. लोक त्याच्या निम्म्याच्या आत लावतात. डबीवरचा ५० म्हणूनच तुमच्या गालावर ५० नसतो.

आणि डॉक्सिसायक्लिन, हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी औषधं चालू असतील तर वरची मिनिटं विसरा. त्यांच्यामुळे त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. घरच्या सेन्सरवरून "मला अमुक मिनिटं चालतील" असं कृपया ठरवू नका. ३ च्या वर गेलं की टोपी, बाह्या, सावली. त्याला दशांश चिन्ह लागत नाही.

पारा_चढला

डॉक्टर, मग ड जीवनसत्त्वाचं काय? सगळे सांगतात सकाळचं कोवळं ऊन घ्या. ते चुकीचं?

त्वचावैद्य

कोवळ्या उन्हात बसायला हरकत नाही, प्रसन्न वाटतं, फिरणं होतं. पण त्वचेत ड तयार व्हायला यूव्ही-बी लागतात आणि सूर्य खाली असताना ते जवळजवळ नसतात. झाकोळताईंनी वर तेच सांगितलंय. सावली तुमच्या उंचीहून खूप लांब असेल तर ड जीवनसत्त्वाची फार आशा ठेवू नका.

याचा अर्थ भर दुपारी तासभर भाजून घ्या असा नाही. ठरावीक पातळीनंतर त्वचेतलं पूर्वरूप दुसऱ्याच निरुपयोगी पदार्थांत बदलायला लागतं. जास्त बसून जास्त मिळत नाही, फक्त इजा वाढते. लाली येण्याच्या कितीतरी आधी काम झालेलं असतं. मिनिटांचा एक आकडा सगळ्यांना देता येत नाही : रंग, वय, उघडं अंग, ऋतू, सगळं मोजावं लागतं. कमतरतेची शंका असेल तर रक्त तपासा आणि आपल्या डॉक्टरांशी बोला. धाग्यावर डोस ठरवू नका.

पारा_चढला

आणि वारा सुटला, गार वाटलं, की मी टोपी काढतो. तेही चूक?

सावलीमोज

माझ्याच वहीत याचं उत्तर निघालं! तापमानाचा कळस सूर्यमाध्यान्हानंतर दोन-तीन तासांनी, अतिनीलचा कळस बरोबर माध्यान्हाला. यंत्र लावल्यापासूनचा सर्वांत मोठा आकडा आलाय तो एका गार, वाऱ्याच्या, तुटक ढगांच्या दिवशी. अंगाला जी ऊब लागते ती मुख्यतः दृश्य आणि अवरक्त किरणांची. अतिनील अंगाला कळतच नाही.

जुनी_वही

उष्माघाताचा हिशेबही वेगळा ठेवा, इंडेक्सवरून करू नका. त्यासाठी ओला-गोल निर्देशांक आहे : ओल्या फडक्याच्या तापमापीला सात दशांश वजन, काळ्या गोळ्यातल्या तापमापीला दोन, साध्या तापमापीला एक. आर्द्रतेचा वाटा सर्वांत मोठा. ढगाळ, दमट, वारा पडलेल्या दिवशी इंडेक्स ३ असेल आणि काम करणारा माणूस कोसळेल.

सावलीमोज

निकाल कळवतो. टेफ्लॉन लावलं, दोन निरभ्र दिवस मिळाले. सूर्य साठाच्या वर असताना यंत्र आणि सूत्र जुळेल असा गुणक धरला. पंचेचाळिसाला यंत्र थोडं जास्त सांगतं. तिसाला जवळपास दीडपट. वीस अंशांवर तर निव्वळ थापा. मग ठरवलं की सूर्य ४५ च्या खाली असताना आकडा लिहायचा, पण कंसात. काका, चालेल?

जुनी_वही

कंस का, ते पहिल्या पानावर लिहिलंत तर चालेल.

झाकोळ

दर वर्षी एकदा ही तुलना पुन्हा करा. सेन्सर म्हातारा होतो, टेफ्लॉनवर धूळ बसते. अतिनील मोजणाऱ्या यंत्राला सर्वांत जास्त छळतं ते अतिनीलच. आठवड्याला एकदा पुसा आणि पुसल्याचंही लिहा. पुसण्याआधीचा आणि नंतरचा आकडा.

चष्मेवाली

आमच्या मुलांची पहिली सावली मोजून झाली. अठ्ठावीस काठ्या, अठ्ठावीस उत्तरं. निम्म्यांनी काठी तिरपी रोवली होती. उद्या ओळंबा आणतोय.

पारा_चढला

थट्टा माझ्यावरच उलटली. आज दुपारी गच्चीवर काठी उभी केली. ओळंब्याने. सावली काठीच्या निम्म्याहून थोडी मोठी. पुढे काय लिहू?

जुनी_वही

वेळ. आणि आकाश किती अष्टमांश.

पारा_चढला

आकाश बघायचं राहिलं. जाऊन येतो. टोपी घालून.